खतीजाबीचा झाप आणि सलालाचे धुके

ईशान आणि रेवा,

नकाशा उघडा. महाडवर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेला, समुद्रावरून सरकवत न्या. वाटेत थांबायला कुठे जमीन नाही. पलीकडचा किनारा जवळ आला की बोट किंचित खाली घ्या. तिथे सलाला नावाचे शहर आहे, ओमान देशाच्या दक्षिण टोकाला. म्हणजे सलाला आपले समोरच्या घरचे शेजारी, मधला रस्ता तेवढा रुंद. इतकी वर्षे मी वर्गात नकाशे टांगले, पण ही गोष्ट तिथे जाऊन आल्यावर लक्षात आली.

जाण्याचे कारण जुबेदा. ती माझी महाडच्या शाळेतली विद्यार्थिनी. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याजवळच्या वाडीतून रोज एसटीने यायची. वडील घाटातून ट्रक चालवायचे, ती कॉलेजात असतानाच गेले. पुढे लग्न होऊन ती सलालाला गेली, तिथे अरबी शिकली आणि आता मुलींच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवते. अरब पोरींना, अरबीतून. मला हे सांगताना आजही खुर्चीत जरा ताठ बसावेसे वाटते.

मी गेले त्या वर्षी ऑगस्टमध्ये सलालात अरब देशांतल्या शाळांचा मेळावा भरणार होता. हा काय प्रकार, ते आधी सांगते. या देशांनी शिक्षण, संस्कृती आणि विज्ञान यांची कामे मिळून करायचे ठरवले आहे. भाषा एक, त्यामुळे एका देशाने केलेले पुस्तक दुसऱ्याच्या वर्गात चालते, इजिप्तचा मास्तर येमेनमध्ये शिकवतो आणि सुदानची बाई ओमानमध्ये. आपल्याकडे महाडच्या शिक्षकाची बदली कोल्हापूरला झाली तरी घरात रडारड होते! या मेळाव्यात सगळ्या देशांच्या शाळांनी मिळून एकच प्रयोग करायचा होता, आणि त्यात जुबेदाच्या वर्गातल्या मुलींची निवड झाली होती. वर्षभर त्या तयारी करत होत्या.

जुबेदाचा फोन आला. "बाई, तुम्ही या. आणि येताना अम्माला घेऊन या. ती एकटी विमानात पाय ठेवायची नाही."

पोलादपूर

अम्मा म्हणजे खतीजाबी. मी घरी गेले तेव्हा त्या अंगणात कोंबड्यांना तांदळाची कणी टाकत होत्या. मी विषय काढताच त्यांनी कोंबड्यांकडेच पाहून उत्तर दिले.

"ह्यांना कोन बघंल?"

"शेजारीण बघेल."

"तिच्या मांजरानंच गेल्या साली दोन खाल्ली."

मग गुडघा निघाला, मग विमानात उलटी होते म्हणतात तो मुद्दा निघाला. मी सगळे शांतपणे खोडून काढले, तशी त्या पायरीवर बसल्या आणि खरे बोलल्या.

"बाई, माझी पोर तिकडं मोठी मास्तरीण हाय. धा देशांची शिकलेली मानसं येनार. मी शाळेची पायरी चढली नाय. मी तिथं जाऊन कायतरी येडंवाकडं करीन आन् पोरीला मान खाली घालाय लागंल. नाय गो बाय, मला नको."

मी म्हटले, "खतीजाबी, तुम्ही फक्त बसून बघायचं. काही करायचंच नाही."

"काय करायचं नाय?"

"काही नाही."

"असं असंल तर येते," त्या म्हणाल्या. पण काही न करता बसणे त्यांना आयुष्यात कधी जमले आहे का, हे मी विचारायला हवे होते.

सलाला

मुंबई आणि मस्कतचे विमानतळ गाळते, कारण सगळे विमानतळ सारखेच असतात. खतीजाबी विमानात उलटी न करता आल्या. उलटी मला झाली.

सलालाचे दर्शन घेऊन मी चक्रावले. रस्त्याच्या कडेला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या टपऱ्या, त्यांत केळ्यांचे घड आणि शहाळी. महामार्गावर माणगावच्या अलीकडे गाडी थांबवावी तसे दृश्य, फक्त कोयता चालवणारा माणूस पांढऱ्या झग्यात. वर डोंगर हिरवेगार. बाकीचा अरबस्तान तेव्हा तव्यासारखा तापलेला असतो. आपल्याकडे येणारा पावसाळी वारा या किनाऱ्यालगत वाहतो, तिथल्या थंड पाण्यावर त्याचे धुके होते आणि ते डोंगराला येऊन अडकते. पाऊस असा पडत नाही, नुसती भुरभुर. या ऋतूला ते खरीफ म्हणतात. आपण शेतातल्या पिकाला म्हणतो तोच शब्द.

खतीजाबींनी मोटारीतून हात बाहेर काढला. "जुबेदा, ह्यो पाऊस हाय का दहिवर?"

"पाऊस हाय अम्मा. हितला."

"ह्याला पाऊस म्हनतात? आमच्याकडं ढगाला घाम आला तरी यापरीस जास्त पडतो."

आणि या घामासाठी लोक कुठून कुठून येतात! दुबई, रियाध, कुवेतहून दिवसदिवस मोटार चालवत. डोंगरावर गवतात गालिचे पसरतात, वर काही नाही, आणि भुरभुरीत बसून शेगडीवर मांसाचे तुकडे भाजतात. आजोबांच्या दाढीवर थेंब जमलेले, नातवंडे चिखलात लोळताहेत आणि आई त्यांना ओरडत नाही, उलट फोटो काढते. मी सवयीने छत्री उघडली. शेजारच्या गालिच्यावरच्या सगळ्या मुलांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी देवळात चपला घालून आले आहे. छत्री मिटली आणि त्यानंतर ती बॅगेतच राहिली. गुडघे दुखले, पण मी भिजले.

संध्याकाळी पाहुण्या शिक्षकांसाठी जेवण होते. प्रत्येकाने आपल्या देशाचे काहीतरी करून आणायचे. ट्युनिशियाच्या बाईंनी रव्याच्या बारीक दाण्यांचा सांज्यासारखा पदार्थ आणला होता, वर भाज्या आणि मांस. इजिप्तच्या मास्तरांनी शिजवलेल्या वालासारख्या कडधान्याचे पातेले आणले. लिंबू पिळल्यावर ते मला आपल्या बिरड्याच्या नात्यातले वाटले. खतीजाबींना काही करायचे नव्हते ना? त्यांनी पिशवीतून आमसुले काढली, टपरीवरचे नारळ खवले आणि सोलकढी केली. सुदानच्या सामियाबाई, या मेळाव्यातल्या सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्या, तीन पेले प्यायल्या आणि खतीजाबींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. खतीजाबी त्यानंतर बराच वेळ गाल चाचपत होत्या.

"बाई, ह्या लई लाडात येतात."

एक गोष्ट मात्र मी आदराने पाहिली. खतीजाबी लहानपणी कुराण शिकलेल्या, त्यामुळे दुकानांच्या पाट्या त्या अक्षरे लावून मोठ्याने वाचायच्या. अर्थ दोघींनाही कळायचा नाही. मी पुढे इंग्रजी पाटी शोधायची आणि अर्थ सांगायची. अशी आमची दोघींची मिळून एक साक्षर बाई होत होती.

डोंगरावर

प्रयोग असा होता. धुक्यातले थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडत नाहीत, वाऱ्याबरोबर वाहत जातात. वाटेत जाळी आली तर तिच्या धाग्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ओघळतात. डोंगराच्या कड्यावर समुद्राकडे तोंड करून प्रत्येक देशाच्या गटाने एक चौकट उभी केली होती. दोन खांब, मध्ये हिरवी जाळी उभी सरळ ताणलेली, तिच्या बरोबर खाली अर्धी चिरलेली नळी पन्हळीसारखी, आणि पन्हळीच्या टोकाला डबा. रोज सकाळी डब्यातले पाणी मोजून आकडा तक्त्यात लिहायचा.

सगळ्यांची जाळी एकाच मापाची, एकाच उंचीवर, एकाच पद्धतीने बांधलेली. जॉर्डनचे प्राध्यापक हाशिम या प्रयोगाचे प्रमुख होते, त्यांनी मला इंग्रजीत समजावून सांगितले, "बाईसाहेब, हा तक्ता मोरोक्कोच्या आणि येमेनच्या डोंगरातल्या शाळांतही जाणार आहे. तिथली मुले याच मापाने जाळी बांधतील. एकाने वेगळी बांधली की तुलना संपली. म्हणून ज्याची बांधणी वेगळी, त्याचा गट तक्त्यातून बाहेर, असा नियम आहे."

मोजणी सुरू होण्याच्या आदल्या दुपारी शिक्षकांची खाली गावात सभा होती. जुबेदा तिकडे गेली. तिच्या मुली, खतीजाबी आणि मी चौकटीपाशी थांबलो. मुलींची म्होरकी शैखा, चौदा-पंधरा वर्षांची, इंग्रजी चांगली बोलायची. वारा वाढला आणि जाळी जरा फडफडू लागली.

खतीजाबी तिच्याकडे बघत होत्या. पहिल्यांदा नुसत्या. मग उठून.

"ह्याला काय बांधनं म्हनतात? एका झडीत जाईल. धरा हो बाई दोरी."

आता आपल्याकडची पद्धत सांगते, म्हणजे पुढचे कळेल. आपल्याकडे पावसाची झड आडवी येते, ती भिंतीवर बसू नये म्हणून मे महिन्यात झावळ्यांचे विणलेले झाप घराला बांधतात. झाप भिंतीला चिकटवून चालत नाही. त्याचा पाय बाहेर ओढून, तिरका धरून बांधायचा, म्हणजे पाणी झापावरून घरंगळत पुढे लांब पडते. खतीजाबींची बांधणी त्यांच्या वाडीत नावाजलेली. पावसाळ्याआधी चार घरांतून बोलावणी येतात.

त्यांनी जाळीचा पाय समुद्राच्या बाजूला ओढला, दोन दगडांना दोरीने तो असा काही जखडला की फडफड जागच्या जागी थांबली. मुली टाळ्या वाजवू लागल्या. मी दोरी धरली होती आणि, विज्ञान शिकवण्यात जन्म गेलेली बाई, मी म्हटले, "वा! आता बरोबर झालं." माझ्या हाताला, माझ्या डोळ्याला ते इतके बरोबर दिसत होते, की पन्हळ मागे कोरडी उभी आहे हे दिसलेच नाही. चार पिढ्या आम्ही पाण्याला घराबाहेर काढायला शिकलो; पाणी झेलायचेही असते हे हातांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींसह आमची गाडी सगळ्यांच्या आधी पोचली. धुक्यात दोन उंट रस्ता अडवून उभे होते, त्यांना हटवून. शेजारच्या चौकटींचे डबे काठोकाठ भरत आले होते. आमच्या डब्यात तळ ओला झाला होता इतकेच. आणि चौकटीच्या पुढे, दोन दगडांपाशी, मोठे डबके.

जुबेदाने जाळीकडे पाहिले, दोरीची गाठ पाहिली आणि तिला सगळे कळले. ती गाठ तिने लहानपणापासून पाहिलेली होती.

"अम्मा," ती एवढेच म्हणाली.

खतीजाबींचा चेहरा उतरला. एका मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागले. दुसरी शैखाच्या कानाशी लागली. नंतर समजले, की शेजारच्या डब्याइतका आकडा लिहून टाकू असे ती म्हणत होती. खतीजाबींनाही तेच सुचले. त्यांनी आवाज खाली आणला.

"जुबेदा, अजून कोन आलं नाय. त्या पल्याडच्या डब्यातलं वाईच हिकडं ओत ना गो. पानी ते पानी. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय," जुबेदा म्हणाली. "ह्या पोरींना कळतंय. उद्या येमेनातली पोरं ह्या आकड्यावर भरवसा ठेवून जाळी बांधतील, अम्मा."

"पन तुझं नाव जाईल ना!"

"जाऊ दे गेलं तर."

तिने गाठ सोडली नाही. सगळे येईपर्यंत ती चौकट तशीच ठेवून बाजूला उभी राहिली. मग प्राध्यापक हाशिम आले तेव्हा तिने स्वतः त्यांना हाताने दाखवले, हे असे झाले आहे. आईवर ढकलले नाही; 'आमच्याकडून' असे म्हणाली. मुलांनो, मी पुष्कळ विद्यार्थ्यांचे पहिले नंबर पाहिले आहेत. त्या सकाळी मला जे वाटले ते कुठल्याच निकालाच्या दिवशी वाटले नव्हते.

मग तंबूत पंचायत बसली. पितळी किटलीतून कॉफी फिरत होती, खजूर फिरत होते, आणि आवाज चढत होते. जुबेदाच्या मुख्याध्यापिकेचा चेहरा लाल झाला होता. यजमान शाळाच बाहेर जायची वेळ. इजिप्तचे मास्तर म्हणत होते नियम तो नियम. सामियाबाई हात नाचवत म्हणत होत्या, वर्षभराचे काम एका गाठीसाठी फेकणार का? हे सगळे मला जुबेदा कुजबुजत सांगत होती.

अचानक खतीजाबी उठून मधोमध गेल्या. आपल्या वाडीच्या बोलीत, थेट प्राध्यापकांना म्हणाल्या, "साहेब, ह्यो हात माझा. पोरींनी दोरीला बोट लावलं नाय. मला घालवा भायेर. त्यांचं नाव काढू नका." आणि खरोखरच तंबूच्या दाराकडे चालू लागल्या.

जुबेदाने भाषांतर केले. सामियाबाईंनी धावत जाऊन खतीजाबींना धरून आणले आणि आपल्या शेजारी बसवले, पुन्हा उठू नये म्हणून मांडीवर हातही ठेवला.

प्राध्यापक चष्मा पुसून म्हणाले, "वेगळ्या बांधणीचा आकडा तक्त्यात मिसळू नये, यासाठी नियम आहे. इथे तो मिसळलेला नाही, यांनी आकडाच दिलेला नाही. या गटाचा पहिल्या दिवसाचा रकाना तक्त्यात कोरा राहील. पण तो कोरा का, हे शेवटच्या दिवशी मुलींनी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. कबूल आहे?"

जुबेदाने मुलींकडे पाहिले. शैखाने मान हलवली.

जाळी पुन्हा सरळ बांधली गेली. त्यानंतरच्या सकाळी आमचाही डबा इतरांसारखा भरला. खतीजाबी मात्र डोंगरावर आल्या नाहीत. घरी जुबेदाच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत बसल्या, खाणारे कोणी नसले तरी.

शेवटची संध्याकाळ

सभागृह भरले होते. मुलींचे आईबाप, आजीआजोबा, सगळ्या देशांचे शिक्षक. खतीजाबींना आणायला जुबेदाला दोनदा घरी जावे लागले. त्या शेवटच्या रांगेत, माझ्या आड बसल्या. पदर कपाळाच्या खाली ओढलेला.

एकेका गटाची मुले येऊन आकडे वाचत होती. आमची पाळी आली. शैखा उभी राहिली. तिने दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करावी असे मला मनातून वाटत होते. तिने पहिल्यापासूनच केली. जुबेदा माझ्या कानात सांगत गेली:

"पहिला दिवस. आकडा नाही. आमच्या शिक्षिकेच्या आईने जाळी आपल्या देशातल्या पद्धतीने बांधली. त्यांच्या गावात पाणी इतके असते, की ते घरात येऊ नये म्हणून बाहेर अडवावे लागते."

सभागृहात एक लांब उसासा पसरला. कोणी हसले नाही. ही सगळी वाळवंटी देशांतली माणसे. कुणी विहिरीसाठी कोस चालत गेलेली, कुणी टँकरची वाट पाहत वाढलेली. पाणी बाहेर अडवावे लागते! माना मागे वळू लागल्या. शैखाने हात करून दाखवले, त्या तिथे बसल्या आहेत.

टाळ्या सुरू झाल्या. सामियाबाईंच्या सगळ्यात मोठ्या.

कार्यक्रम संपल्यावर शैखाचे आजोबा काठी टेकत आमच्या रांगेपाशी आले. वाळवंटाकडच्या गावचे, पांढरी दाढी, कमरेला चांदीच्या म्यानाची कट्यार. ते बायकांपासून अदबीने थोड्या अंतरावर थांबले, छातीवर हात ठेवला आणि काहीतरी विचारले.

"अम्मा, ते विचारतात, पोरीनं वाचलं ते खरं का?"

खतीजाबींनी पदर मागे सारला. डबके दिसले त्या सकाळनंतर त्यांचा पूर्ण चेहरा मी प्रथमच पाहत होते.

"हाय तर! चार म्हैने. कौलावर पानी, अंगनात पानी, शेतात पानी. सावित्री नदी येते ती बाजारात शिरते. चुलीतली लाकडं सुकत नाय, कपडं सुकत नाय."

आजोबा ऐकत राहिले. भाषांतर संपल्यावर त्यांनी 'सुभानल्ला' म्हटले, त्याला भाषांतर लागले नाही.

"सांग गो त्यांना," खतीजाबी आता उभ्या राहिल्या होत्या, "आमच्याकडं या म्हनावं. भर पावसात या. झाप मी बांधनार. अंगावर एक थेंब पडू दिला तर नाव बदलीन."

जुबेदाने सांगितले. आजोबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, थोडा विचार केला आणि अगदी गंभीरपणे उत्तर दिले. ते ऐकून जुबेदाला हसू आवरेना.

"काय म्हनाले?"

"अम्मा, ते म्हणतात, येईन. पण तेवढा झाप बांधू नका."